नोंदींचे स्थलांतर

पाठचिकित्सा शिकवताना मराठीच्या अध्यापकाला एक सोय असते. ज्या लिपिकाराच्या चुका आपण फळ्यावर मांडतो, तो चार-पाचशे वर्षांपूर्वी निवर्तलेला असतो. त्याने ओळ गाळली, त्याला अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द सुचला, समासातली टीप त्याने मूळ मजकुरात घुसवली, असे आपण निर्धास्तपणे म्हणतो आणि विद्यार्थी वहीत उतरवून घेतात. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले. 2022 च्या उन्हाळ्यात मात्र आम्हांला स्वतःलाच लिपिकार व्हावे लागले, आणि त्या जमातीविषयी आम्ही जे जे बोललो होतो ते एकेक करून आमच्याकडे परत आले. आम्ही ज्या पोथीची नक्कल केली ती ना महानुभावांची होती ना वारकऱ्यांची. एका लहानशा संगणकप्रणालीत लोकांना आढळलेल्या दोषांच्या त्या 437 नोंदी होत्या.

आधी ह्या प्रणालीविषयी थोडे सांगायला हवे. युनिकोड रुळण्यापूर्वी संगणकावर मराठी उमटत असे ती निरनिराळ्या फाँटांच्या कृपेने. प्रत्येक फाँटची अक्षरमांडणी स्वतंत्र होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि कोणता तुकडा कोणत्या जागी बसवायचा हे ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवलेले असे. त्यामुळे एका फाँटमध्ये टंकलेला लेख दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की निरर्थक चिन्हांची रास दिसे. एका वाङ्मयीन नियतकालिकाचे दहा-बारा वर्षांचे अंक अशा फाँटमध्ये अडकून पडले होते. ते सोडवण्यासाठी 2007 साली आम्ही तिघांनी एक कन्व्हर्टर लिहायला घेतला. 'आम्ही तिघांनी' हे शिष्टाचारापुरते. लिहिला तो आमच्या दोन अभियंता स्नेह्यांनी. आम्ही फक्त कोणते जोडाक्षर कसे दिसायला हवे ते सांगत असू. कन्व्हर्टर मोफत होता, त्याची आज्ञावली सर्वांना खुली होती. हळूहळू ओळखीपाळखीच्या प्रकाशकांकडे, ग्रंथालयांकडे आणि हौशी मंडळींकडे तो पोहोचला, आणि तक्रारी येऊ लागल्या.

तक्रारी नोंदवायला आमच्या स्नेह्यांनी बगझिला बसवला. 1998 मध्ये मोझिला प्रकल्पासाठी निर्माण झालेली ही दोषनोंदणीची व्यवस्था तोवर जगभर वापरात होती. नोंद करण्याची तिची रीत साधी आहे. आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, ह्या तीन गोष्टी लिहायच्या. नोंदीला क्रमांक मिळतो, खाली चर्चा सुरू होते, आणि शेवटी तिचा निकाल लागतो. मराठी वाचकाला हा ऐवज अपरिचित वाटू नये. जुन्या पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असे : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. दोषनोंद म्हणजे न संपणाऱ्या शुद्धिपत्राची एक ओळ. फरक इतकाच की शुद्धिपत्र ग्रंथकर्ता किंवा प्रकाशक लिहितो, आणि ही ओळ वाचक लिहितो.

हे साम्य आमच्या आधी ज्यांच्या ध्यानात आले, त्यांना आम्ही सगळे 'काका' म्हणत असू. ते निवृत्त मुद्रितशोधक होते. खिळे जुळवण्याच्या काळापासून डीटीपीच्या काळापर्यंत त्यांनी छापखान्यांत प्रुफे वाचली होती. उतारवयात मुलीने संगणक घेऊन दिला, आणि कोणी तरी आमचा कन्व्हर्टर त्यांच्या हाती ठेवला. त्यांनी पहिली नोंद केली ती अशी : 'महोदय, स. न. वि. वि. मूळ मजकूर : आचाऱ्यांना. आलेला मजकूर : आचार्यांना. लग्नाच्या पंक्तीत बिदागी कोणाला द्यावयाची होती ते आता समजत नाही. कृपया लक्ष घालावे. कळावे.' मराठीला र चे जे दोन अर्धे अवतार आहेत, डोक्यावरचा रफार आणि कोयत्यासारखा दिसणारा आडवा र, त्यांतला दुसरा आमचा कन्व्हर्टर बिनदिक्कत पहिल्यात ढकलत होता. दऱ्यांचा दर्या होत होता आणि स्वयंपाक्यांचे विद्वान होत होते. आमच्या अभियंता स्नेह्यांपैकी जी बंगळुरात असते, तिने ती नोंद वाचून दूरध्वनी केला आणि म्हणाली, 'सर, हे गृहस्थ आपल्याला पगारी मिळाले असते तर परवडले नसते.'

पुढच्या अकरा वर्षांत काकांनी 61 नोंदी केल्या. प्रत्येक नोंदीची सुरुवात 'स. न. वि. वि.' अशी आणि शेवट 'कळावे' असा. खाली सही कधीच नाही. एकदा त्यांना भेटलो असताना ह्याचे कारण विचारले. ते हसून म्हणाले, 'सर, मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकात कुठं छापतात?' 2019 च्या पावसाळ्यात ते गेले.

*

2022 च्या आरंभी आम्हांला कळवण्यात आले की आमचा बगझिला ज्या सर्व्हरवर फुकट राहत होता तो बंद होणार आहे. तक्रार करायला जागा नव्हती. इतकी वर्षे सांभाळले हेच पुष्कळ होते. आज्ञावली पूर्वीच गिटहबवर नेलेली होती. नोंदीही तिथेच न्याव्यात असे ठरले. आमच्या एका स्नेह्याने ह्या कामासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली. ती जुन्या भांडारातून एकेक नोंद उचलून नव्या ठिकाणी ठेवणार होती. तीन शनिवार-रविवार पुरतील असा अंदाज होता, आणि तो खराही ठरला. मजकूर हलवणे फारसे अवघड नसते. मजकुराच्या भोवती जे असते ते हलत नाही.

पहिला प्रश्न क्रमांकांचा. वर्षानुवर्षे चर्चेत, आज्ञावलीच्या टिपांमध्ये, पत्रव्यवहारात 'नोंद 214 पाहा' असे लिहिलेले असते. गिटहबवर दोषनोंदी आणि आज्ञावलीत बदल सुचवणारे प्रस्ताव ह्यांना एकाच मालिकेतले क्रमांक मिळतात, आणि आमचे प्रस्ताव तिथे आधीच नांदत होते. म्हणजे जुने क्रमांक ठेवणे शक्य नव्हते. हा अनुभव आमच्या एकट्याचा नव्हे. पायथॉन ह्या सुप्रसिद्ध संगणकभाषेच्या दोषनोंदी एकाहून अधिक वेळा घर बदलून आल्या आहेत. 2007 साली त्या सोर्सफोर्जवरून राउंडअप नावाच्या प्रणालीवर गेल्या आणि 2022 च्या एप्रिलमध्ये तिथून गिटहबवर. 2007 च्या स्थलांतरात जुने सहा-सात आकडी क्रमांक तसेच ठेवले गेले आणि नव्या नोंदींना मात्र लहान क्रमांक मिळाले. त्यामुळे राउंडअपवर सात आकडी नोंद ही चार आकडी नोंदीपेक्षा जुनी, असा उफराटा कालक्रम तयार झाला. 2022 च्या स्थलांतरात आमच्यासारख्याच कारणाने सगळे क्रमांक बदलले. आजही पायथॉनच्या आज्ञावलीतल्या टिपांमध्ये तिन्ही काळांचे संदर्भ शेजारीशेजारी सापडतात. उत्खननातल्या थरांसारखे ते वाचावे लागतात. बरे एवढेच की जुने ठिकाण केवळ वाचण्यासाठी शिल्लक ठेवले गेले, आणि तिथल्या नोंदीवर तिच्या नव्या पत्त्याची पाटी लावली गेली. आमच्या जुन्या घराची वास्तूच पाडली जाणार होती. पाटी लावायला भिंत नव्हती.

दुसरा प्रश्न निकालांचा. बगझिलात नोंद बंद होताना ती का बंद झाली हे सांगायला अनेक शब्द होते. दोष दुरुस्त झाला, हा दोषच नव्हे, दुरुस्त करणार नाही, ही दुसऱ्या नोंदीची पुनरुक्ती आहे, आणि ज्यावर अभियंते स्वतःच विनोद करतात तो निकाल : 'माझ्याकडे तर चालते'. नव्या ठिकाणी आम्ही गेलो तेव्हा मुख्य भेद दोनच होते, उघडी नोंद आणि बंद नोंद. बाकीच्या छटा चिकटचिठ्ठ्यांसारख्या वरून लावाव्या लागल्या. 'माझ्याकडे तर चालते' ह्या उत्तरात तक्रार करणाऱ्यावर किंचित अविश्वास असतो, आणि 'दुरुस्त करणार नाही' ह्यात त्याच्यावर विश्वास असूनही नकार असतो. दोघांनाही नुसते 'बंद' म्हटले की हा फरक पुसला जातो. शिकवताना आम्ही विरामचिन्हांच्या अशा फरकांवर तासिका घालवलेल्या आहेत. येथे चिठ्ठीचा रंग ठरवून दहा मिनिटांत मोकळे झालो.

तिसरा प्रश्न नावांचा, आणि त्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

*

नव्या ठिकाणी आज्ञावली जेव्हा नोंद ठेवते, तेव्हा ती कोणाच्या तरी खात्याच्या किल्लीने ठेवते. ज्याची किल्ली, तो त्या नोंदीचा कर्ता दिसतो. मोठ्या प्रकल्पांनी ह्यावर आपापले उपाय काढले आहेत. पायथॉनच्या स्थलांतरात ज्यांनी आपले गिटहबवरचे नाव कळवले होते त्यांचे लेखन त्यांच्या नावाने गेले. उरलेल्यांच्या जुन्या नावापुढे 'मॅनिक्विन' हा शब्द लागला. मॅनिक्विन म्हणजे कापडदुकानाच्या काचेमागचा पुतळा. बोललेले वाक्य खरे, बोलणारा पुतळा. एलएलव्हीएम ह्या कंपायलर-प्रकल्पाने 2021 च्या अखेरीस बगझिलातून गिटहबवर जाताना लोकांची संमती मागितली होती. ज्यांची मिळाली नाही त्यांच्या जागी 'एलएलव्हीएम बगझिला कॉन्ट्रिब्युटर' असे एकच सामान्यनाम आले आणि त्यांचे लेखन एका यांत्रिक खात्याच्या तोंडी गेले. ह्यामागे बेफिकिरी होती असे नव्हे. माणसाचा ईमेल-पत्ता त्याला न विचारता नव्या चव्हाट्यावर मांडू नये, हा विचार योग्यच होता.

तोच योग्य विचार आम्हीही केला. बगझिलात सदस्याची ओळख म्हणजे त्याचा ईमेल-पत्ता. खरे नाव लिहिणे ऐच्छिक असते. आम्ही ठरवले की पत्ते वगळायचे आणि प्रत्येक नोंदीच्या पहिल्या ओळीत 'मूळ नोंद :' असे लिहून पुढे सदस्याचे नाव घालायचे. वेळ आमच्यापाशी अधिक, म्हणून किल्ली आमच्या खात्याची वापरली. काकांनी सदस्य होताना नावाचा रकाना मोकळा सोडला होता. ज्यांच्या नावाचा रकाना मोकळा, त्यांच्यासाठी आज्ञावली ती पहिली ओळच गाळत होती. म्हणजे पत्ता वगळताना काकांचे जे एकमेव नाव तिथे होते तेही वगळले गेले. त्यांच्या 61 नोंदी नव्या ठिकाणी उभ्या राहिल्या त्या आमच्या नावाने, आणि एकाच रविवारच्या तारखेने. आमच्या कोणाच्याही ते लक्षात आले नाही. 437 पैकी आम्ही तीसेक नोंदी नमुन्यादाखल तपासल्या, सर्व ठीक आहे असे एकमेकांना कळवले, आणि तिसऱ्या रविवारी रात्री जुना सर्व्हर बंद झाला.

ऑगस्टमध्ये अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आपणहून कामाला आला. त्याने जुन्या नोंदी वाचायला घेतल्या आणि पहिल्याच आठवड्यात एका नोंदीखाली लिहिले, 'सर, तुम्ही मूळ मजकूर आणि आलेला मजकूर असे दोन शब्द दिले आहेत, पण मला दोन्ही सारखेच दिसतात. दोष समजला नाही. बंद करू का?' आम्ही नोंद उघडून पाहिली. मूळ मजकूर : आचार्यांना. आलेला मजकूर : आचार्यांना. पुढे बिदागीचे वाक्य जसेच्या तसे होते, आणि आता त्याला काही अर्थ राहिला नव्हता.

काय झाले होते ते शोधायला संध्याकाळ गेली. आडवा र लिहिण्याचे दोन मार्ग युनिकोडला मान्य आहेत. एक, टिंब असलेले ऱ हे अक्षर हलन्त करून; दुसरा, साधा र हलन्त करून त्याच्यामागे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचे चिन्ह देऊन. हे चिन्ह दिसत नाही, जागा व्यापत नाही. शेजारच्या अक्षरांनी कसे जोडले जावे एवढेच ते सांगते. काका दुसऱ्या मार्गाने लिहीत. आमच्या स्थलांतराच्या आज्ञावलीत 'साफसफाई' असा एक टप्पा होता. लोकांनी इकडून तिकडून चिकटवलेल्या मजकुरात येणारी निरुपयोगी अदृश्य चिन्हे काढून टाकणे हे त्याचे काम. त्याने उपयोगी आणि निरुपयोगी असा भेद केला नाही. म्हणजे ज्या चुकीची तक्रार काकांनी केली होती, नेमकी तीच चूक आम्ही त्यांच्या तक्रारीत केली. लिपिकार अपरिचिताला परिचित करून टाकतो, असे वर्गात सांगताना आम्हांला हे उदाहरण कधी सुचले नसते.

पण ती चूक निस्तरता येण्याजोगी होती. खरी लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटली. त्या विद्यार्थ्याने आणखी पाच-सात नोंदी वाचून आम्हांला स्वतंत्र पत्र लिहिले. 'सर, तुमची नोंद लिहिण्याची पद्धत फार आवडली. इतक्या कमी शब्दांत, इतक्या आदराने आणि थोडं हसवून चूक दाखवणं मी कुठे पाहिलेलं नाही.' पत्र वाचताना कोणाच्या नोंदींविषयी हे लिहिले आहे ते आम्हांला कळले होते. तरी उत्तर दोन दिवसांनी दिले. त्या दोन दिवसांत आम्ही काही विशेष कामात होतो असे नाही. अनेक वर्षे लिहूनही कोणी आपल्या गद्याविषयी असे काही म्हटले नव्हते, आणि ते वाक्य दोन दिवस आपल्यापाशी राहावे असे वाटले, एवढेच.

*

ह्या दोन दिवसांनी आम्हांला एक जुनी गोष्ट नव्याने समजली. अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येते : नामा म्हणे, तुका म्हणे, एका जनार्दनी. ह्या नाममुद्रेविषयी वर्गात आम्ही नम्रता, आत्मनिवेदन, गायनाची सोय असे पुष्कळ काही सांगत आलो. ह्या प्रसंगानंतर तिच्याकडे अगदी व्यवहाराच्या बाजूने पाहिले. पोथीच्या वेष्टनावरचे नाव, वहीच्या पहिल्या पानावरचे नाव, गाणाऱ्याने आधी उच्चारलेले नाव, ह्यांतले काहीही नकलेच्या प्रवासात गळू शकते. पुढच्या लिपिकाराच्या वहीत मालक म्हणून त्याचेच नाव असणार. टिकायचे असेल तर नाव मजकुराच्या आत, छंदाच्या आत, गाळले तर चरण लंगडा पडेल अशा ठिकाणी असायला हवे. रकान्यातले नाव रकान्याबरोबर जाते. 'मूळ नोंद :' ही आमची पहिली ओळ म्हणजे कर्त्याचे नाव रकान्यातून काढून मजकुरात आणण्याचाच प्रयत्न होता. मुद्राच ती, फक्त शेवटाऐवजी आरंभी आणि छंदाचा आधार नसलेली. म्हणूनच ती इतक्या सहज गळाली.

मुद्रेलाही मर्यादा आहेत, हे मराठीच्या अभ्यासकांना सांगायला नको. नामा ह्या मुद्रेची रचना संत नामदेवांची की त्यांच्यानंतरच्या विष्णुदास नाम्याची, ह्या प्रश्नावर अभ्यासकांना किती झगडावे लागले आहे! लोकप्रिय मुद्रा उसनीही घेतली जाते, आणि गाथेत प्रक्षिप्त अभंग शिरतात. पण त्या गोंधळाची दिशा आमच्या उलट आहे. तिथे अनामिक माणसाने आपले शब्द थोराच्या नावावर घातले. येथे नाव न सांगणाऱ्या माणसाचे शब्द लिपिकाराच्या नावावर जमा झाले, आणि लिपिकार दोन दिवस गप्प बसला.

ह्याहून वेगळी रीतही आपल्याकडे होती. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि मग ज्यांना जे आठवत होते त्यावरून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, असे महानुभाव परंपरा सांगते. आठवणी जुळत नव्हत्या. तेव्हा ह्या पंथातल्या मंडळींनी भिन्न पाठांना वासना म्हटले, आणि कोणती वासना कोणाची हे व्यक्तीच्या नावानिशी सांगण्याची पद्धत ठेवली. नीटनेटका एकसंध ग्रंथ तयार करण्याचा मोह त्यांना झाला नसेल असे नाही. पण कोणी काय ऐकले, कोणाला कसे आठवले, हे त्यांनी साफसफाईत घालवले नाही. मजकूर हरवल्यावरही त्यांनी साक्षीदार जपले. आमच्यापाशी मजकूर शाबूत होता आणि साक्षीदार मात्र आम्ही हरवला.

*

निस्तरण्याचे काम दिवाळीपर्यंत चालले. सुदैवाने जुन्या भांडाराची एक प्रत आमच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर होती. ज्या ज्या नोंदींत ते अदृश्य चिन्ह गळाले होते त्या शोधून, मूळ प्रतीशी ताडून, एकेक शब्द पूर्ववत केला. हे काम आज्ञावलीने करता आले असते. विद्यार्थ्याने तशी तयारीही दाखवली. आम्ही हातानेच करू म्हटले. त्याला ते चमत्कारिक वाटले असावे, पण तो काही बोलला नाही आणि निम्म्या नोंदी त्याने स्वतः ताडून दिल्या. प्रत्येक नोंदीत तिचा जुना क्रमांक आणि मूळ तारीख घातली. चर्चेत जिथे 'नोंद 214 पाहा' असे होते तिथे जुना उल्लेख तसाच ठेवून शेजारी नवा क्रमांक लिहिला.

प्रश्न उरला काकांच्या नावाचा. त्यांनी स्वतः कधी नाव लिहिले नव्हते. ते आम्ही आता लिहावे का? त्यांच्या संकोचाला तरी आपण कर्ता म्हणून मान द्यावा की नाही? आम्ही त्यांच्या मुलीला दूरध्वनी केला. सगळी हकिगत सांगितली, आमच्या नावाचीही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'बाबांनी स्वतःचं नाव लिहिलं नाही हे खरं आहे, सर. पण त्यांनी दुसऱ्याचंही लिहिलं नव्हतं.' पुढे तिने विचारले की त्या नोंदी तिला वाचता येतील का. तिला त्यांचा पत्ताच ठाऊक नव्हता. वडील दुपारी संगणकापुढे बसून काय करतात, हे घरात कोणी कधी विचारले नव्हते. आठ दिवसांनी तिचा निरोप आला : नाव लिहा, ईमेल-पत्ता नको.

त्याप्रमाणे आता 61 नोंदींच्या पहिल्या ओळीत त्यांचे नाव आहे. कर्त्याच्या रकान्यात अजूनही आमचेच नाव दिसते. ते आम्हांला बदलता येत नाही. दोन्ही नावे एकाखाली एक वाचणाऱ्याला दिसतात, आणि कोणते खरे हे त्याला पहिली ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. काकांचे नाव ह्या लेखात आम्ही दिलेले नाही. नोंदी त्यांच्या आहेत, लेख त्यांचा नाही.

त्यांची एक नोंद मात्र अजून उघडी आहे. जुना क्रमांक 214. छापील पानावर ओळीच्या शेवटी शब्द तुटतो तेव्हा संयोगचिन्ह येते. पुढची ओळ जोडताना ते चिन्ह काढायला हवे. पण शब्द मुळातच संयोगचिन्हाचा असेल तर ते ठेवायला हवे. कन्व्हर्टर सरसकट काढत होता. काकांनी उदाहरण दिले होते : ओळीच्या शेवटी 'मान-' आणि पुढच्या ओळीच्या आरंभी 'पान'. लेखकाने मानपान लिहिले होते की मान-पान? कोश दोन्हींना हरकत घेणार नाही. 'हे छापखान्यात हस्तलिखित पाहून ठरवीत असू,' असे काकांनी लिहिले आहे, 'आपल्याकडे हस्तलिखित नाही, हे मी जाणतो. तरी नोंद असावी. कळावे.'

गेल्या वर्षी जुन्या नोंदींची आवराआवर करताना ही बंद करावी अशी सूचना आली. बारा वर्षांहून जुनी आहे, उत्तर संभवत नाही, यादी उगाच लांबते. सूचना वाजवी होती. आम्ही नकार द्यायला बसलो तोवर त्या विद्यार्थ्याने, आता तो नोकरीला लागला आहे, तिच्याखाली एक उदाहरण जोडून ठेवले होते. एका जुन्या अंकात त्याला 'देव-' आणि 'घर' असे दोन ओळींत तुटलेले सापडले होते. देवघर एक की देव आणि घर दोन, हे वाक्यावरूनही कळत नाही, असे त्याने लिहिले होते आणि पानाचे छायाचित्र लावले होते. नोंद उघडी ठेवली आहे.